हिरोशिमाने नाकारलेली कमान : इसामु नोगुची यांच्या एका न झालेल्या स्मारकाचे प्रकरण

हिरोशिमाच्या शांतता स्मारक उद्यानाला लागून १०० मीटर रुंदीचा एक रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर उद्यानाच्या दोन्ही अंगांना, दोन नद्यांवर, दोन पूल आहेत. पूर्वेकडच्या मोतोयासु नदीवरील पुलाचा जाड काँक्रीटचा कठडा टोकाला येता येता वर उचलला जातो आणि आभाळाकडे तोंड केलेल्या अर्धगोलात संपतो. पाहणाऱ्याला उगवता सूर्य आठवावा, असा तो आकार आहे. पश्चिमेकडच्या पुलाचा कठडा वेगळा आहे. तो नावेच्या सांगाड्यासारखा दिसतो. पहिल्याचे नाव ‘त्सुकुरु’, म्हणजे घडवणे, आणि दुसऱ्याचे ‘युकु’, म्हणजे निघून जाणे. शिल्पकाराच्या मनात आधी यांच्यासाठी ‘जगणे’ आणि ‘मरणे’ अशी उघड नावे होती. ती पुढे सौम्य झाली.

हे दोन्ही कठडे १९५२ साली पूर्ण झाले आणि दोन्ही इसामु नोगुची यांचे आहेत. त्याच वर्षी, त्याच उद्यानाच्या मध्यभागी, बॉम्बहल्ल्यातील मृतांचे स्मारक उभे राहिले. त्या स्मारकाचा आराखडाही नोगुची यांनीच केलेला होता, पण तो नाकारला गेला आणि तिथे दुसऱ्याची रचना उभी राहिली. ज्या माणसाचे पूल चालले, त्याचे स्मारक का चालले नाही, आणि त्या नकारात नेमके काय हरवले, हे दोन प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहेत. पहिल्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी एका वाक्यात दिले जाते : नोगुची अमेरिकन होते. ते उत्तर चूक नाही, पण त्यावर थांबले की दुसरा प्रश्न विचारायचाच राहून जातो, आणि माझ्या मते महत्त्वाचा तोच आहे.

दोन नावांचा मुलगा

नोगुची यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०४ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडील योने नोगुची हे जपानी कवी. ते इंग्रजीतही लिहीत आणि पुढे तोक्योच्या केइओ विद्यापीठात शिकवत असत. १९३८ मध्ये चीनवरील जपानी आक्रमणाच्या प्रश्नावर रवींद्रनाथ ठाकुरांशी ज्यांचा जाहीर पत्रव्यवहार झाला, ते योने नोगुची हेच. आई लिओनी गिल्मोर ही अमेरिकन लेखिका. मुलगा जन्मला तेव्हा वडील जपानला परतलेले होते. १९०७ मध्ये आई मुलाला घेऊन जपानला गेली, पण वडिलांचा संसार दुसरीकडे मांडला गेला होता, आणि मुलगा वाढला तो आईजवळच. १९१८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याला एकट्याला शिक्षणासाठी अमेरिकेतील इंडियाना राज्यात पाठवण्यात आले. तिथे तो सॅम गिल्मोर या नावाने वावरला. पुढे कोलंबिया विद्यापीठात वैद्यकशास्त्राच्या पूर्वतयारीचा अभ्यास सुरू असताना आईच्या आग्रहावरून तो न्यूयॉर्कच्या एका कलाशाळेत संध्याकाळी शिल्पकला शिकू लागला, वैद्यक सुटले, आणि शिल्पकार म्हणून त्याने जे नाव घेतले ते, ज्याने त्याला वाढवले नाही त्या वडिलांचे.

हे नाव घेणे त्याला सोपे गेले असेल, असे मानायला जागा नाही. १९३० च्या सुमारास नोगुची जपानला निघाले, तेव्हा नोगुची हे नाव लावून जपानला येऊ नये, असे वडिलांनी कळवले. त्यामुळे ते काही महिने बीजिंगमध्ये थांबले, तिथे चि पाय-शी या वयोवृद्ध चित्रकाराकडे कुंचला आणि शाई यांचे काम शिकले, आणि १९३१ मध्ये अखेर जपानला पोचले. क्योतोमध्ये एका कुंभाराकडे काम करत असताना त्यांनी ‘हानिवा’ पाहिल्या. जपानमधील प्राचीन थडग्यांच्या टेकाडांवर रोवलेल्या या भाजक्या मातीच्या आकृती असत. माणसे, घोडे, घरे. त्या मृतांसाठी असत आणि तरीही जमिनीच्या वर, उघड्यावर उभ्या असत. हा आकार त्यांच्या मनात राहिला, आणि वीस वर्षांनी हिरोशिमाच्या आराखड्यात तो पुन्हा दिसतो.

मधल्या काळातली एक घटना या प्रकरणाशी थेट जोडलेली आहे. फेब्रुवारी १९४२ मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढून छावण्यांत ठेवण्यात आले. नोगुची न्यूयॉर्कचे रहिवासी असल्यामुळे त्यांना हा आदेश लागू नव्हता. तरीही त्या वर्षी मे महिन्यात ते स्वतःहून ॲरिझोनाच्या वाळवंटातील पोस्टन छावणीत दाखल झाले. तिथल्या लोकांसाठी बागा आणि खेळाची मैदाने आखावीत, असा त्यांचा बेत होता. त्यातले काहीही झाले नाही. छावणीच्या प्रशासनाला त्यांच्या आराखड्यांची गरज नव्हती, आणि कोंडलेल्या लोकांना हा मिश्र वंशाचा, वरिष्ठांशी ओळख असलेला, आपखुशीने आलेला माणूस आपला वाटला नाही. आत येणे सोपे होते. बाहेर पडण्याची परवानगी मिळायला नोव्हेंबर उजाडला. अमेरिकेने त्यांना जपानी ठरवून अडकवले, याला पुरती दहा वर्षे झाली नव्हती तोच हिरोशिमाने त्यांना अमेरिकन ठरवून वगळले. ही जुळणी इतकी नेटकी आहे की लिहिणाऱ्याला मोह होतो; पण तिने हिरोशिमाचा निर्णय समजायला फारशी मदत होत नाही, म्हणून ती इथेच सोडतो.

काम कसे आले

६ ऑगस्ट १९४५ च्या बॉम्बने त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मरण पावली, असा अंदाज आहे. १९४९ मध्ये शहराच्या पुनर्रचनेसाठी खास कायदा झाला, आणि त्याच वर्षी शांतता उद्यानाच्या स्पर्धेत वास्तुविशारद केन्झो टांगे यांच्या चमूचा आराखडा निवडला गेला. टांगे यांची मुख्य कल्पना एका सरळ रेषेची होती : खांबांवर उचललेले संग्रहालय, त्याच्या मागे मोकळे मैदान, त्यात स्मारक, आणि त्या स्मारकातून पाहिले की नदीपलीकडे नेमका समोर येणारा उद्ध्वस्त इमारतीचा घुमट. म्हणजे स्मारक हे या रेषेवरचे डोळ्याचे भोक होते. ते बंद भिंतीसारखे असून चालणार नव्हते. त्यातून पलीकडे दिसले पाहिजे, ही अट जागेनेच घातलेली होती.

नोगुची १९५० मध्ये जपानला आले, तेव्हा तरुण कलावंतांनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले. वडील १९४७ मध्ये वारले होते, आणि केइओ विद्यापीठात वडिलांच्या स्मरणार्थ एक दालन आणि बाग रचण्याचे काम मुलाकडे आले. ज्याने नाव नाकारले त्याचे स्मारक करण्याची वेळ अशा रीतीने आधीच येऊन गेली होती. त्याच वर्षी त्यांनी हिरोशिमासाठी एका घंटामनोऱ्याचा नमुना केला. तो कोणी मागितलेला नव्हता. हिरोशिमासाठी आपल्या हातून काहीतरी व्हावे, या इच्छेत प्रायश्चित्ताची भावना होती, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. टांगे यांच्याशी ओळख झाल्यावर आधी पुलांच्या कठड्यांचे काम आले, आणि ते पसंत पडल्यावर मृतांच्या स्मारकाचे. महापौर शिन्झो हामाइ यांना ही निवड मान्य होती. नोगुची यांनी तोक्यो विद्यापीठात टांगे यांच्या कार्यशाळेत बसून नमुना तयार केला.

आराखडा

जमिनीवर दिसणार होती ती काळ्या ग्रॅनाइटची एक जाड, बुटकी कमान. तिचे पाय रुंद, पाठ गोल, आणि एकूण वजन असे की ती उभारलेली न वाटता जमिनीतून वर आलेली वाटावी. एखाद्या हानिवा घराचे छप्पर तेवढे वर राहिले आहे आणि उरलेले घर मातीखाली गेले आहे, असे तिच्याकडे पाहून वाटते. आणि आराखड्यात खरोखर तसेच होते. कमानीचे दोन्ही पाय जमिनीशी थांबत नव्हते. ते तसेच खाली उतरत आणि जमिनीखालच्या खोलीत दोन अवाढव्य खांब होऊन उभे राहत. पाहणाऱ्याने पायऱ्या उतरून त्या खोलीत यायचे होते. तिथे, त्या दोन खांबांच्या मधे, भिंतीतून पुढे आलेल्या ग्रॅनाइटच्या पेटीत मृतांच्या नावांची नोंद ठेवायची होती. कमानीच्या तळाशी खालून उजेड येणार होता.

या खोलीबद्दल नोगुची यांची कल्पना दुहेरी होती. आपण सगळे शेवटी जिथे परत जातो ती जमिनीखालची गुहा, आणि मेलेल्यांची जागा घेणारे जिथून येतील तो गर्भ. या दोन प्रतिमा वाचताना थोड्या जड वाटतात, हे मी मान्य करतो. शिल्पकार आपल्या कामाबद्दल लिहायला बसला की बहुधा असेच होते. पण नमुना पाहिला तर शब्दांची गरज उरत नाही. दोन जाड पाय, मधे एक पोकळी, वर पाठीचा बाक : ही वास्तू जितकी आहे तितकेच ते शरीर आहे. बसलेल्या, ओणवलेल्या, किंवा कोणावर तरी पांघरूण होऊन झुकलेल्या माणसाचे.

शरीर हा नोगुची यांच्या कामातला जुना विषय होता, पण त्याची रीत युद्धाच्या काळात बदलली होती. १९४४-४५ मधील ‘कुरोस’ हे त्यांचे शिल्प न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नाव प्राचीन ग्रीक युवकमूर्तींचे, पण प्रत्यक्षात ती गुलाबी संगमरवराच्या पातळ फळ्यांची जुळणी आहे. फळ्यांना खाचा पाडलेल्या आहेत आणि एक फळी दुसरीत अडकून सगळा डोलारा उभा आहे. हे शरीर हाडे आणि अवयव सुटे करून पुन्हा एकमेकांच्या आधाराने उभे केलेले आहे. एक भाग काढला तर बाकीचे कोसळेल. हिरोशिमाच्या आराखड्यात त्यांनी ही रीत उलटी केली : सुटे भाग नाहीत, जोड नाहीत, सगळे एकसंध आणि जड. शिवाय शरीराचा सर्वांत महत्त्वाचा भाग शिल्पात नव्हताच. तो पाहणाऱ्याने स्वतःबरोबर आणायचा होता. पायऱ्या उतरताना गुडघे वाकणार, डोक्यावर दगडाचा भार जाणवणार, वरचा प्रकाश मागे राहणार, आणि मग नावांसमोर उभे राहायचे. बॉम्बने ज्यांची शरीरे ओळखू न येण्याइतकी नष्ट केली, त्यांचे स्मरण जिवंत माणसाच्या शरीराने करायचे, ही या आराखड्यातली खरी नवी गोष्ट होती.

नकार

हा आराखडा पुनर्रचनेच्या समितीसमोर गेला आणि नामंजूर झाला. समितीत टांगे यांचे गुरू, वास्तुविशारद हिदेतो किशिदा यांचे वजन होते, आणि त्यांचा विरोध होता. रचनेत काय दोष आहे, यापेक्षा ती कोणाच्या हातची आहे, हा मुद्दा निर्णायक ठरला. नोगुची यांना याचा घाव शेवटपर्यंत जाणवत राहिला.

समितीला संकुचित म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण १९५२ च्या सुरुवातीचे हिरोशिमा डोळ्यांसमोर आणले तर तो शब्द जिभेवर येत नाही. जपानवरील, अमेरिकेच्या नेतृत्वाखालचा, परकीय ताबा त्या वर्षीच्या २८ एप्रिलपर्यंत संपलेला नव्हता. त्या ताब्याच्या पहिल्या काही वर्षांत बॉम्बच्या परिणामांविषयी छापण्यावरही नियंत्रण होते. म्हणजे ज्यांची माणसे गेली त्यांना त्याबद्दल उघड बोलण्याचीही मुभा नव्हती. अशा शहराने स्वतःच्या थडग्यावर पहिला दगड कोणाच्या हातून ठेवला जावा, याबद्दल हळवे असणे स्वाभाविक होते. त्यातून नोगुची यांचे स्वतःचे म्हणणेही सरळ नव्हते. ते प्रायश्चित्ताच्या भावनेने आले होते, म्हणजे अमेरिकन म्हणून आले होते. आणि आकार निवडला तो थेट जपानच्या प्राचीन थडग्यांवरून, जणू ते तिथलेच होते. अपराधी म्हणून दार ठोठवायचे आणि घरचा म्हणून आत घ्यावे अशी अपेक्षा करायची, यातला ताण त्यांच्या लक्षात आला होता की नाही, याबद्दल मला शंका आहे.

तरीही समितीची भूमिका तिच्याच कसोटीवर टिकत नाही. त्याच माणसाचे कठडे तिने स्वीकारले होते. स्मारकाकडे रोज येणारा माणूस त्या कठड्यांवर हात ठेवूनच येणार होता. मग हरकत अमेरिकन हाताला होती, की तो हात कुठपर्यंत यावा याला? पुलापर्यंत ठीक, गाभाऱ्यात नको, असा हा निवाडा होता. परक्याला नकार देणाऱ्यांपेक्षा अर्ध्या आपल्याला नकार देणाऱ्यांना अशी सीमा आखावी लागते, कारण पूर्ण परका तिथपर्यंत पोचतच नाही.

टांगे यांची कमान

उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, ६ ऑगस्ट १९५२. वेळ फार थोडा उरला होता. नोगुची यांच्या बाजूने असलेल्या टांगे यांनाच आता नवा आराखडा करावा लागला. त्यांनी काँक्रीटची एक हलकी कमान केली : घोड्याच्या खोगिरासारखी वळलेली, दोन्ही बाजूंनी उघडी, मृतांच्या आत्म्यांना पावसापासून आडोसा देणाऱ्या हानिवा घराच्या छपरासारखी. तिच्याखाली दगडी पेटी, आणि पेटीत नावांची वही. त्या दिवशी वहीत ५७,९०२ नावे होती. आज ती संख्या ३ लाखांहून अधिक आहे, कारण बॉम्बच्या झळा सोसलेला कोणी वारला की त्याचे नाव दर वर्षी ६ ऑगस्टला तिच्यात भरले जाते. १९८५ मध्ये काँक्रीट काढून हीच कमान ग्रॅनाइटमध्ये पुन्हा बांधली गेली.

दोन्ही आराखडे शेजारी ठेवले तर साम्य लपत नाही. कमान तीच, हानिवा तीच, नावांची पेटी तीच. म्हणून नोगुची यांची कल्पना शेवटी वेष बदलून उभी राहिलीच, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला हे म्हणणे पटत नाही. टांगे यांची कमान उत्तम आहे. तिच्यातून पलीकडचा घुमट नेमका दिसतो आणि त्यांच्या रेषेचे काम ती चोख करते. पण ती पाहण्याची वस्तू आहे. माणूस तिच्यासमोर येतो, मान लववतो, पलीकडे पाहतो आणि वळतो. नोगुची यांच्या कमानीत तो पलीकडे पाहणार होता, आणि त्यानंतर खाली जाणार होता. समितीने नाव गाळले आणि आकार राखला, असे दिसते. प्रत्यक्षात गाळली गेली ती जमिनीखालची खोली, आणि तिच्याबरोबर पाहणाऱ्याचे उतरणे. त्या खोलीबद्दल कोणी वाद घातला नाही. वाद झाला तो पारपत्रावरून.

वाद आणखी एका ठिकाणी उफाळला, आणि तो या प्रकरणाला जोडूनच वाचावा लागतो. दगडी पेटीवर हिरोशिमा विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक तादायोशि साइका यांचे वाक्य कोरले आहे. त्याचा आशय असा : शांतपणे विसावा घ्या, चूक पुन्हा करणार नाही. जपानी वाक्यात कर्ता नाही. मराठी वाचकाला हे समजवावे लागत नाही, कारण आपल्या ‘करणार नाही’लाही कर्ता लागत नाही, मी, आम्ही की तो, हे रूपावरून कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या तोक्यो युद्धगुन्हे खटल्यातील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल नोव्हेंबर १९५२ मध्ये हिरोशिमाला आले, तेव्हा त्यांनी याच वाक्यावर बोट ठेवले. चूक जपान्यांची असल्याचा अर्थ त्यातून निघतो आणि बॉम्ब टाकणारे तर दुसरेच होते, हा त्यांचा आक्षेप होता. साइका यांनी तो फेटाळला. वाक्याचा कर्ता सगळी मानवजात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वाद इतका चालला की १९८३ मध्ये तिथे खुलाशाची पाटी लावावी लागली.

म्हणजे स्मारकाचा कर्ता कोण, हा प्रश्न शिल्पकाराला बाहेर ठेवून सुटला नव्हता. तो दगडावरच्या वाक्यात जाऊन बसला. त्यातला उपरोध असा की कर्ता नसलेले वाक्य चालले, आणि दोन कर्ते असलेला शिल्पकार चालला नाही.

त्यानंतर

नोगुची जपान सोडून गेले नाहीत. डिसेंबर १९५१ मध्ये त्यांनी योशिको यामागुची या अभिनेत्रीशी लग्न केले होते, आणि १९५२ मध्ये दोघे कामाकुराजवळ कुंभारकाम आणि पाककला यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रोसान्जिन यांच्या आवारात एका जुन्या शेतघरात राहत होती. तिथली माती आणि तिथली भट्टी वापरून त्यांनी त्या वर्षी झपाट्याने काम केले आणि शरद ऋतूत कामाकुराच्या संग्रहालयात प्रदर्शन भरवले. यांतली बरीच शिल्पे लहान आहेत, आणि त्यांत भोके, पाय, पोकळ्या आणि विनोद आहे. स्मारकाचा दगड हातून गेल्यावर माणूस मातीकडे वळला, असे म्हणता येईल, पण माती त्यांच्याकडे क्योतोपासूनच होती.

आराखडा मात्र त्यांनी टाकून दिला नाही. १९८२ मध्ये, वयाच्या सत्याहत्तरीत, त्यांनी तो पाचव्या हिश्शाच्या प्रमाणात ग्रॅनाइटमध्ये घडवून घेतला. आता त्यांची इच्छा होती की हे स्मारक अमेरिकेत उभे राहावे, अणुबॉम्बने मेलेल्यांसाठी, बॉम्ब टाकणाऱ्या देशात. ती जागाही मिळाली नाही. ३० डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. काळ्या दगडाची ती लहान कमान उरली आहे, पाय जाड, पाठ गोल, अगदी आराखड्याबरहुकूम. फक्त तिच्याखाली उतरता येत नाही.